लिटरली म्हणजे नक्की किती खरं?

एका वादळाच्या इंग्रजी वृत्तान्ताचं मराठी करत होते. त्यात एक वाक्य होतं, 'द रूफ लिटरली फ्ल्यू ऑफ.' फारसा विचार न करता मी लिहिलं, 'छप्पर अक्षरशः उडून गेलं.' संध्याकाळी संपादकांचा फोन आला.

"अहो, ते छप्पर उडालं की नाही उडालं?"

"उडालं. लिहिलंय की तसं."

"तुम्ही 'अक्षरशः उडालं' लिहिलंय. मागच्या आठवड्यात तुम्हीच लिहिलं होतंत, श्रोत्यांनी सभागृह अक्षरशः डोक्यावर घेतलं. ते काही कोणी डोक्यावर घेतलेलं नव्हतं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मूळ वाक्य चार वेळा वाचलं तरी कळेना. छप्पर खरंच भिंती सोडून गेलं होतं, की वाऱ्याचा जोर सांगताना लिहिणाऱ्याचा हात जरा सैल सुटला होता? 'हे अलंकारिक नाही बरं का, खरंच असं झालं' एवढं सांगणं हेच ज्या शब्दाचं मूळ काम, त्याच शब्दाने माझी पंचाईत केली होती.

हा शब्द आता इंग्रजीपुरता राहिलेला नाही. 'मी लिटरली मेले हसून', 'लिटरली वैताग आलाय', 'लिटरली दोन मिनिटांत पोचतो' अशी मराठी वाक्यं रोज कानावर पडतात. कधी कधी तर एकाने काही म्हणावं आणि दुसऱ्याने नुसतं 'लिटरली!' म्हणून मान डोलवावी. तिथे त्याचा अर्थ 'अगदी!' किंवा 'हो ना!' एवढाच. ऐकणाऱ्यांपैकी काहींच्या कपाळाला आठी पडते. मेलीस, तर बोलतेयस कशी? प्रश्न वाजवी आहे. उत्तर मात्र वाटतं तितकं सरळ नाही.

## मुळात अक्षर

लॅटिनमध्ये 'लित्तेरा' म्हणजे अक्षर. त्यावरून 'लिटरल' म्हणजे अक्षराला धरून असलेलं. युरोपात हा शब्द वावरला तो धर्मग्रंथांच्या वाचनात. एखाद्या वचनाचा जो अर्थ अक्षरांतून थेट निघतो तो लिटरल. त्यामागे शोधला जाणारा गूढ किंवा प्रतीकात्मक अर्थ वेगळा. म्हणजे जोर देणं हे या शब्दाचं काम सुरुवातीला नव्हतंच. वाचायचं कसं, याची ती सूचना होती.

आपल्या 'अक्षरशः'ची घडणही हीच. 'क्रम'वरून 'क्रमशः', तसं 'अक्षर'वरून 'अक्षरशः', म्हणजे एकेक अक्षर घेत. पुढे जे लिटरलीचं झालं तेच अक्षरशःचंही झालं, फक्त त्यावर कोणी आरडाओरडा केला नाही. 'रस्त्याची अक्षरशः चाळण झाली', 'पावसाने अक्षरशः झोडपून काढलं', 'त्याने अक्षरशः आग पाखडली.' यातल्या एकाही वाक्यावर आपण थबकत नाही. त्या रस्त्यातून कोणी पीठ चाळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. लिटरलीवर चिडणारी माणसं त्याच दमात 'अक्षरशः डोकं उठवलंय या शब्दाने' म्हणून जातात. मीही म्हणते.

## एका शब्दाची वेगवेगळी कामं

भाषांतराला बसलं की लिटरलीला मराठीत एक ठरलेला प्रतिशब्द पुरत नाही. दर वेळी वेगळा शोधावा लागतो, आणि त्या निमित्ताने त्याची कामं सुटी सुटी दिसायला लागतात.

सगळ्यात जुनं काम 'शब्दशः'चं. 'हे लिटरली ट्रान्सलेट करू नका' म्हणजे शब्दाला शब्द ठेवू नका. इथे वाद नाही.

दुसरं काम मजेचं आहे. एखादा वाक्प्रचार वापरून वापरून गुळगुळीत झालेला असतो आणि एके दिवशी तो प्रत्यक्षात घडतो. वाईट बातमी कळली की आपण म्हणतो, पायाखालची जमीन सरकली. पण भूकंपात जमीन खरोखर सरकते. तिथे इंग्रजी बोलणारा लिटरली लावून ऐकणाऱ्याला बजावतो, थांब, हा वाक्प्रचार नाही, ही घटना आहे. कोणाचीच बाजू न घेणाऱ्याला इंग्रजीत कुंपणावर बसलेला म्हणतात. आता एखादा माणूस खरंच कुंपणावर बसून दोघांचं भांडण बघत असेल, तर लिटरलीशिवाय ते सांगायचं कसं? मराठीत मात्र या जागी 'अक्षरशः' कुचकामी ठरतो. 'पायाखालची जमीन अक्षरशः सरकली' म्हटलं की ऐकणारा पुन्हा वाईट बातमीच समजतो. इथे 'खरोखरच' लागतो, किंवा 'चक्क'. हा 'चक्क' फार कामाचा शब्द आहे. 'तो चक्क रडला' यातलं रडू खरं असतं, बोलणाऱ्याचं आश्चर्य त्यावर वरकड. 'तो अक्षरशः रडला' म्हटलं तर डोळे ओले झाले होते की नाही, कोण जाणे.

तिसरं काम अतिशयोक्तीचं, 'माझं डोकं लिटरली फुटलं' मधलं. सगळी भांडणं याच्यावरून होतात. त्याच्याकडे येतेच.

आणि एक काम असं आहे, की ज्याच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही. 'इट्स लिटरली राइट देअर.' 'आय लिटरली जस्ट एट.' वस्तू खरंच तिथे आहे, जेवण खरंच आत्ता झालंय. अलंकार नाही, अतिशयोक्ती नाही. लिटरली काढून टाकला तरी वाक्य तेवढंच खरं राहतं. मग तो तिथे करतो काय? समोरच्याला कोपराने ढोसतो. 'अरे, इथेच तर आहे!' मधला 'तर' जे करतो तेच. आजच्या बोलण्यात मला सगळ्यात जास्त ऐकू येतो तो हा लिटरली, 'लिटरली दोन मिनिटांत' मधला. (ती दोन मिनिटं वीस मिनिटांची असतात, हा वेगळा विषय.)

## म्हणजे अर्थ उलटा झाला का?

नेहमीची तक्रार अशी, की जो शब्द 'शब्दशः खरं' सांगत होता तो आता 'शब्दशः खरं नव्हे' असं सांगतो. एकाच शब्दाला दोन विरुद्ध अर्थ. ऐकायला चटकदार आहे, पण जरा तपासून पाहू. 'मी लिटरली मेले हसून' यातला लिटरली काढा आणि त्या जागी 'अलंकारिक अर्थाने' घाला. 'मी अलंकारिक अर्थाने मेले हसून.' वाक्यातली हवाच गेली. असं कोणालाच म्हणायचं नव्हतं. अलंकार 'मेले' या शब्दात आधीपासून होता; लिटरली नुसता त्याच्यामागे उभा राहून त्याला पुढे ढकलत होता.

हे ढकलण्याचं बळ त्याला त्याच्या जुन्या अर्थातूनच मिळतं. आपली शपथ घ्या. 'आईशप्पथ, हसून हसून मेलो!' शपथ ही सत्याची हमी. बोलणारा ती डोळ्यांदेखत खोट्या वाक्यावर ठेवतो, ऐकणाऱ्याला ते कळतं, तरी कोणी त्याला खोटारडा म्हणत नाही. म्हणून 'आईशप्पथ'चा अर्थ 'खोटं' असा झाला का? मुळीच नाही. शपथेला अजून वजन आहे, म्हणून तर ती थट्टेत खपते. लिटरली ही इंग्रजीतली अशीच एक घरगुती शपथ आहे. तिच्यातला 'खरोखर' पुरता मेला, तर अतिशयोक्तीसाठीही ती कोणी हातात धरणार नाही.

## ही हल्लीच्या पोरांची करामत ना?

नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजी लेखक खऱ्याच विधानाला जोर यावा म्हणून लिटरली वापरताना दिसतात. ही पहिली पायरी. तिथून अलंकारिक विधानाला जोर देण्यापर्यंत एकच पाऊल उरतं, आणि ते पडलेलं ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने १७६९ सालच्या दाखल्यात टिपलंय. तो आहे फ्रान्सिस ब्रूक या लेखिकेच्या 'द हिस्टरी ऑफ एमिली माँटॅग्यू' या कादंबरीतला. एका माणसाला आल्या आल्या सुंदर स्त्रियांच्या मेळ्यात प्रवेश मिळतो, आणि त्याच्या नशिबाचं वर्णन होतं ते असं, की हे म्हणजे लिटरली लिलीच्या फुलांमध्ये चरणं. चरण्याची प्रतिमा बायबलमधली. तो गृहस्थ काही फुलं खात नव्हता.

१८७६ मध्ये अमेरिकी लेखक मार्क ट्वेनची 'टॉम सॉयर' ही खट्याळ पोराची कादंबरी आली. कुंपण रंगवायचं काम मित्रांच्या गळ्यात मारून, वर त्याबद्दल त्यांच्याकडूनच मोबदला उकळून, दुपार कलेपर्यंत टॉम 'लिटरली' संपत्तीत लोळायला लागतो. ही संपत्ती कोणती? बारा गोट्या, निळ्या बाटलीच्या काचेचा तुकडा, कुठलंच कुलूप न उघडणारी किल्ली, एका डोळ्याचं मांजराचं पिल्लू, आणि कुत्र्याचा पट्टा, पण कुत्रा नाही. ट्वेनला लिटरलीचा अर्थ ठाऊक नव्हता असं म्हणायची कोणाची छाती आहे? त्या भंगारावर त्याने हा भारदस्त शब्द जाणूनबुजून ठेवलाय. हसू येतं ते त्यामुळेच.

जेम्स जॉइस या आयरिश लेखकाची 'द डेड' ही १९१४ मध्ये छापलेली कथा तर याच शब्दाच्या खांद्यावर बसून सुरू होते. लिली ही रखवालदाराची मुलगी पाहुण्यांची ऊठबस करतेय, आणि धावपळीत तिचे पाय 'लिटरली' जागेवर उरलेले नाहीत. निवेदन जॉइसचं आहे, पण हा लिटरली लिलीच्या तोंडचा वाटतो. तिने स्वतः सांगितलं असतं तर असंच सांगितलं असतं. मुलगी अजून एक शब्द बोललेली नाही आणि तिचा आवाज आपल्याला ऐकू आलाय.

## पण डिक्शनरीने हात टेकलेच ना!

ऑगस्ट २०१३ मध्ये यावर मोठा गहजब झाला. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत लिटरलीखाली हा जोर देणारा अर्थही 'अनौपचारिक' म्हणून दिलेला आहे, हे लोकांच्या अचानक लक्षात आलं. इंग्रजीचं आता काही खरं नाही, अशा थाटाचे मथळे झळकले. प्रत्यक्षात ती नोंद सप्टेंबर २०११ मध्येच सुधारली गेली होती. दोन वर्षं कोणाला पत्ताही नव्हता. अमेरिकेतल्या मेरियम-वेब्स्टरच्या मोठ्या कोशात तर असा अतिशयोक्त वापर १९०९ च्या आवृत्तीपासून नोंदलेला आहे. आणि योगायोग असा, की त्याच १९०९ मध्ये अँब्रोज बिअर्स या अमेरिकी लेखकाने लेखनातल्या दोषांची एक काळी यादी छापली आणि तिच्यात लिटरलीला फैलावर घेतलं. अतिशयोक्ती करणं वाईट आहेच, पण ती खरी असल्याची वर ग्वाही द्यायची हे असह्य आहे, असा त्याचा संताप होता. राग एकशे दहा वर्षांहून जुना आहे आणि अजून ताजा आहे.

डिक्शनरी काही चौकीवरची पोलीस नव्हे. थर्मामीटरने ताप दाखवला म्हणून ताप त्याने आणला असं आपण म्हणत नाही. लाखो लोक एखादा शब्द शेकडो वर्षं एका अर्थाने वापरत असतील आणि कोशात तो अर्थ नसेल, तर चूक कोशाची. 'अनौपचारिक' या शेऱ्याचा अर्थ मात्र नीट वाचायला हवा. मित्रमैत्रिणींत चालेल, अर्जात, अहवालात, परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत नको, इतकं तो शेरा स्पष्ट सांगतो.

मेरियम-वेब्स्टरच्या त्या व्याख्येत एक गंमत आहे. जे विधान 'लिटरली' खरं किंवा शक्य नाही, त्यावर जोर देण्यासाठी हा शब्द वापरतात, असं तिथे म्हटलंय. नवा अर्थ समजावून सांगायला जुना अर्थच बोलवावा लागला.

## शब्दांचा रंग उडतो तो असा

जोर वाढवणाऱ्या शब्दांना व्याकरणात तीव्रतादर्शक म्हणतात. त्यांचं नशीब बहुधा एकाच वाटेने जातं. वापरून वापरून मूळ अर्थ पुसट होतो आणि मागे नुसता जोर उरतो. भाषाशास्त्रज्ञ याला चक्क 'ब्लीचिंग' म्हणतात. कापड तेच, रंग गेलेला.

इंग्रजीतला सगळ्यात साधा जोराचा शब्द घ्या, 'व्हेरी'. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचा अर्थ होता 'खरा'. चौदाव्या शतकात चॉसर या इंग्रज कवीने आपल्या एका सरदाराच्या वर्णनात हा शब्द वापरला तो 'खराखुरा' याच अर्थाने. आज 'व्हेरी गुड' म्हणताना खरेखोटेपणाचा विचार कोणाच्या मनातही येत नाही. 'रिअली' आणि 'ट्रूली' यांच्याही पोटात सत्यच आहे, आणि त्यांनाही पुढे जोर काढायच्या कामाला जुंपलं गेलं. सत्याची हमी देणारे शब्द पाळीपाळीने असे राबवले जातात. एक दमला की दुसरा. भीतीचे शब्दही सुटलेले नाहीत. 'टेरिबली' आणि 'ऑफुली' यांच्या मुळाशी दहशत आहे, पण 'ऑफुली काइंड' म्हणजे फारच दयाळू.

मराठीतही तेच. 'भयंकर आवडलं' यात भय कुठे असतं? 'प्रचंड'मधला 'चंड' म्हणजे उग्र, आणि आपण म्हणतो 'प्रचंड गोड बाळ आहे हो'. 'अत्यंत' म्हणजे अति अधिक अंत, शेवटाच्याही पलीकडचं. पण 'आपला अत्यंत आभारी' लिहिणारा माणूस पत्र पाकिटात घालून निवांत झोपतो. यांच्याविरुद्ध कोणी मोहीम काढत नाही, कारण यांचा मूळ रंग उडून गेलेला आहे आणि तो कुणाला आठवतही नाही.

लिटरलीची अडचण एवढीच, की तो अजून अर्धा रंगलेला आहे. दोन्ही अर्थ एकाच घरात राहतायत आणि दार वाजवलं तर कोण उघडेल सांगता येत नाही. व्हेरीही कधीतरी याच वयातून गेला असणार. त्या काळी आपण नव्हतो, म्हणून आपल्याला त्याचा त्रास झाला नाही.

## मग गोंधळ होतो त्याचं काय?

होतो, आणि इथे तक्रार करणाऱ्यांचं म्हणणं मला पटतं. फक्त तो नेमका कुठे होतो ते पाहायला हवं. 'मी लिटरली मेले' यात गोंधळ शून्य, कारण मेलेलं माणूस बोलत नाही. अशक्य गोष्टीची अतिशयोक्ती आपोआप ओळखू येते. खरा धोका आहे तो शक्य कोटीतल्या अतिशयोक्तीत. 'तिथे लिटरली हजार माणसं होती.' होती का? असू शकतील. 'तो लिटरली दिवसभर झोपून होता.' 'माझ्याकडे लिटरली एक पैसा नाही.' ही वाक्यं खरीही असू शकतात, रंगवलेलीही. माझं छप्पर याच जातीचं होतं. छपरं उडतात.

समोरासमोर बोलताना आवाज आणि चेहरा हा घोळ निस्तरतात. लिखाणात ते नसतात. 'आय लिटरली कान्ट ब्रीद' हे एखाद्या विनोदी व्हिडिओखाली वाचलं तर आपण हसून पुढे जातो. तेच वाक्य मध्यरात्री मैत्रिणीच्या मेसेजमध्ये एकटंच आलं, मागे-पुढे काही नाही, तर? मी तरी आधी फोन लावेन. डॉक्टरांना लक्षण सांगताना, पोलिसांत जबाब देताना, विम्याचा दावा भरताना हा शब्द जवळ न घेतलेला बरा. तिथे 'लिटरली हलता येत नाही' यापेक्षा 'डावा पाय गुडघ्याखाली उचलत नाही' हे कितीतरी उपयोगाचं.

काही जण यावर उपाय म्हणून दुहेरी कुलूप लावतात, 'नाही, म्हणजे लिटरली लिटरली'. मला यात फारसा अर्थ वाटत नाही. वाक्यावाक्याला शपथ घेणाऱ्याने आणखी एक शपथ घेतली, म्हणून आपला विश्वास वाढतो का? उलट संशय वाढतो.

## त्या छपराचं पुढे काय झालं

संपादकांचा फोन ठेवल्यावर मी तो वृत्तान्त पुन्हा उघडला आणि या वेळी शेवटपर्यंत वाचला. पार खाली, नुकसानीच्या आकड्यांनंतर, एका रहिवाशाचं म्हणणं दोन ओळींत दिलं होतं. सकाळी तो बाहेर आला तेव्हा त्याचं छप्पर रस्त्यापलीकडच्या मैदानात उलटं पडलेलं होतं, आणि आतून टांगलेला पंखा आभाळाकडे तोंड करून उभा होता.

मी 'अक्षरशः' खोडला. त्या जागी 'चक्क' घालून पाहिला, तोही खोडला. मग ती खालची माहिती वर आणली आणि लिहिलं, 'वाऱ्याने छप्पर उचललं आणि रस्त्यापलीकडच्या मैदानात उलटं नेऊन टाकलं. सकाळी त्याचा पंखा आभाळाकडे तोंड करून होता.'

त्या संध्याकाळी पुन्हा फोन आला नाही.